नकाशात नसलेले पाणी

नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या पट्ट्यात सिल्लेवाडा हे कोळसा खाणीचे गाव आहे. 18 नोव्हेंबर 1975 रोजी तिथल्या भूमिगत खाणीत पाणी घुसले आणि 10 कामगारांचा जीव गेला. त्यानंतर सव्वा महिन्याने, 27 डिसेंबरच्या दुपारी, धनबादजवळच्या चासनाला खाणीतही पाणी घुसले. त्या वेळी खाली असलेल्या 375 माणसांपैकी एकही जिवंत वर आला नाही. स्वतंत्र भारतातला हा सर्वांत मोठा खाण अपघात. मृतांचा खरा आकडा याहून मोठा असल्याचे कामगार संघटना तेव्हा सांगत होत्या. पाणी उपसण्यासाठी परदेशातून पंप आणि तज्ज्ञ आणावे लागले, आणि मृतदेह हाती यायला काही आठवडे गेले. 1979 साली यश चोप्रांनी ‘काला पत्थर’ काढला, तो याच घटनेवर बेतून.

पाणी आले ते पावसाचे नव्हते, डिसेंबर महिना होता. खाणीच्या वरच्या भागात पूर्वी कोळसा काढून सोडून दिलेली जागा होती आणि तिथे वर्षानुवर्षे पाणी साचत आले होते. त्या पाण्याच्या आणि खाली काम करणाऱ्या माणसांच्या मध्ये कोळशाचीच एक भिंत राखलेली होती. ती फुटली. पाटणा उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती उज्ज्वल नारायण सिन्हा यांच्या चौकशी आयोगापुढे मुख्य प्रश्न होता तो याच भिंतीचा: ती किती जाडीची असायला हवी होती, आणि ती पातळ होत चालली आहे हे कोणाला कळायला हवे होते.

कोळसा खाणीतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या अपघातानंतर असाच प्रश्न समोर येतो. अपघात म्हटले की आपण ‘अचानक’ हा शब्द जोडून मोकळे होतो. पण चौकशीचे कागद वाचू लागले की धोका आधी कुठेतरी नोंदलेला सापडतो: एखाद्या जुन्या नकाशात, वायुमापनाच्या वहीत, पाळीवर देखरेख करणाऱ्या ओव्हरमनच्या शेऱ्यात. नोंद नसेल, तर ती ठेवायलाच हवी होती असा नियम तरी सापडतो.

वर डोंगर, खाली पोकळी

भूमिगत खाण आतून कशी असते? भारतातल्या बहुतेक भूमिगत खाणींत कोळशाच्या थरात आडवे-उभे बोगदे काढत जातात आणि मध्ये कोळशाचे चौकोनी खांब सोडतात. वरून पाहता आले तर सगळी खाण बुद्धिबळाच्या पटासारखी दिसेल. बोगदे म्हणजे गॅलरी, खांब म्हणजे पिलर. वरच्या खडकाचा सगळा भार या पिलरवर असतो. कोळसा संपत आला की शेवटच्या टप्प्यात हे पिलरही काढून घेतात आणि मागचे छत खाली बसू देतात. या टप्प्यात प्रत्येक पिलरबरोबर आधार कमी होत जातो आणि काम अधिकाधिक जोखमीचे होते.

छत कोसळणे हा भूमिगत खाणीतला सर्वांत जुना आणि सर्वांत नेहमीचा मारेकरी आहे. झारखंडच्या खाणपट्ट्यात त्याला ‘चाल धसणे’ म्हणतात. त्यात एका वेळी एक, दोन, तीन माणसे जातात, आणि बातमी जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर येते. पाळी सुरू होताना तुकडीच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेला मायनिंग सरदार हातातल्या काठीने छत ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर खडक घट्ट आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर वरचा थर सुटला आहे. जुन्या खाणकामगारांना लोखंडी टेकूपेक्षा लाकडी टेकू आवडायचा, कारण लाकूड मोडण्याआधी करकरते आणि पळायला दोन क्षण मिळतात. आता छताला भोके पाडून पोलादी बोल्ट सिमेंटने आत घट्ट बसवतात, त्यामुळे थर एकमेकांना धरून राहतात. या तंत्राने हजारो जीव वाचले आहेत. मात्र बोल्ट मारण्याआधीच माणसे पुढे पाठवली, तर तंत्राचा उपयोग शून्य.

दुसरा मारेकरी डोळ्यांना दिसत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा कोळसा होताना मिथेन वायू तयार होतो आणि थरात अडकून राहतो. कोळसा फोडला की तो मोकळा होतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. 5 टक्क्यांच्या खाली स्फोट होत नाही, 15 च्या वर गेले की प्राणवायू अपुरा पडतो. म्हणून भारतातल्या नियमांनी सीमा बरीच अलीकडे आखली आहे: प्रमाण सव्वा टक्क्याच्या वर गेले की माणसे बाहेर काढायची. त्यासाठी मोठाले पंखे लावून खाणीत सतत ताजी हवा फिरवत ठेवावी लागते. एखादा पडदा फाटला, हवा अडवणारी भिंत गळकी निघाली किंवा पंखा काही तास बंद राहिला, तर कोपऱ्याकोपऱ्यांत वायू साचू लागतो. 6 सप्टेंबर 2006 रोजी धनबाद जिल्ह्यातल्या भाटडीह खाणीत झालेल्या स्फोटात 50 कामगार गेले.

मिथेनवर पहिला मोठा तोडगा इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने 1815 साली काढला. ज्योतीभोवती बारीक जाळी बसवली की तिची उष्णता बाहेरच्या वायूला पेटवत नाही, हे त्याचे तत्त्व. दिव्याने खाणी सुरक्षित व्हायला हव्या होत्या. पण वायूच्या भीतीने सोडून दिलेल्या खोल थरांत मालकांनी आता याच दिव्याच्या भरवशावर माणसे उतरवली, आणि मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही. सुरक्षिततेचे साधन उत्पादन वाढवण्याचे साधन कसे बनते, याचे हे पहिले ठळक उदाहरण. ते शेवटचे मात्र ठरले नाही.

तिसरा मारेकरी म्हणजे कोळशाची धूळ. मिथेनचा लहानसा स्फोट झाला तरी त्याच्या धक्क्याने जमिनीवरची, भिंतींवरची धूळ उडते आणि हवेत तरंगणारी ती धूळ स्वतःच पेट घेते. मग ज्वाला गॅलरीमागून गॅलरी खात पुढे जाते. 10 मार्च 1906 रोजी फ्रान्समधल्या कुरिएर खाणीत अशाच धुळीच्या स्फोटाने 1,099 माणसे मेली. शोध थांबवल्यानंतर, तब्बल वीस दिवसांनी, 13 जण चाचपडत स्वतःच्या पायांनी बाहेर आले. लोकांच्या संतापाला मग पारावार राहिला नाही. भारतात 28 मे 1965 रोजी बेरमोजवळच्या ढोरी खाणीत धुळीच्या स्फोटाने 268 बळी घेतले. यावरचा उपाय शंभर वर्षांपासून ठाऊक आहे आणि स्वस्तही आहे: चुनखडीची पूड मारत राहायची, म्हणजे कोळशाची धूळ पेटत नाही, आणि पाण्याचे फवारे चालू ठेवायचे. पण हे काम रोजचे, कंटाळवाणे आणि एक टनही कोळसा न देणारे असते. घाई झाली की पहिली कात्री त्यालाच लागते.

स्फोट किंवा आग झाली की उरलेले काम कार्बन मोनॉक्साइड करतो. त्याला रंग नाही, वास नाही. 25 जानेवारी 1994 रोजी राणीगंज पट्ट्यातल्या न्यू केंदा खाणीतल्या आगीत 55 जण मेले. तुर्कस्तानातल्या सोमा खाणीत 13 मे 2014 रोजी 301 माणसे गेली, तीही मुख्यतः याच वायूने. पूर्वी खाणीत कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे नेत. पक्षी माणसाआधी कोसळतो, एवढीच त्याची उपयुक्तता. ब्रिटनने 1986 मध्ये त्यांची सुटका करून यंत्रे आणली. आज प्रत्येक भूमिगत कामगाराच्या कमरेला सेल्फ रेस्क्यूअर नावाचा डबा असायला हवा. त्यातून श्वास घेत विषारी हवेतून बाहेर पडण्याइतका वेळ मिळू शकतो.

पाणी आणि कागद

चौथा धोका पाण्याचा. जगात सर्वांत जास्त बळी स्फोटांनी घेतले. 1942 मध्ये जपानच्या ताब्यातल्या मांचुरियातल्या बेन्शिहू खाणीत 1,549 माणसे मेली, तो आकडा आजवर कुठेच ओलांडला गेलेला नाही. भारताच्या खाण इतिहासात मात्र पाणी पुन्हा पुन्हा येते. 1954 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाजवळ न्यूटन चिखली खाणीत 63. सिल्लेवाड्यात 10, चासनालात 375. 27 सप्टेंबर 1995 रोजी कतरी नदीचे पुराचे पाणी गजलीटांड खाणीत शिरून 64. फेब्रुवारी 2001 मध्ये बागडिगी खाणीत 29.

असे का व्हावे? राणीगंज, झरिया या पट्ट्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ कोळसा निघतो आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीयीकरण होईपर्यंत तिथे शेकडो लहानमोठे खाजगी मालक होते. कोळसा संपला की खाण सोडून द्यायची आणि शेजारी दुसरी खोदायची, असा कारभार. सोडलेल्या पोकळ्यांत पाणी भरत गेले. त्यांचे नकाशे कधी अपुरे, कधी चुकीचे, कधी मुळातच नव्हते. कोणी हद्द ओलांडून शेजाऱ्याचा कोळसा काढला असेल, तर तो ते नकाशात दाखवील कशाला? पाणी कुठे मुरते आहे, हे त्यामुळे कोणालाच सांगता येत नव्हते.

कायद्याने यावर उपाय सांगितला आहे. जुन्या किंवा पाणी भरलेल्या पोकळीपासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करायचे नाही. पुढे जायचेच असेल तर आधी लांब भोके पाडून चाचपणी करायची. भोकातून पाणी आले तर थांबायचे. या नियमाला ना महागडे यंत्र लागते ना परदेशी तज्ज्ञ. लागतो तो खरा नकाशा आणि थांबण्याची तयारी.

13 नोव्हेंबर 1989 च्या रात्री राणीगंजच्या महाबीर खाणीत शेजारच्या जुन्या कामातले पाणी घुसले. बरेच कामगार वर येऊ शकले, पण 71 जण खाली राहिले. सहा जण बुडाले. उरलेले 65 खाणीतल्या एका उंच जागी अडकून पडले. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी सुचवले की जमिनीवरून थेट त्या जागेपर्यंत मोठे भोक पाडायचे आणि एक माणूस उभा मावेल अशी पोलादी कुपी त्यातून खाली सोडायची. भोक पडले, कुपी तयार झाली. तिच्यातून गिल स्वतः खाली उतरले आणि एकेक करत सर्व 65 जणांना वर पाठवल्यानंतरच बाहेर आले. पुढे त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळाले, 2023 मध्ये त्यांच्यावर ‘मिशन रानीगंज’ हा चित्रपटही निघाला. त्यांचे धैर्य वादातीत आहे. पण माणसे खाली नेमकी कुठे असतील, हे ठाऊक असल्याशिवाय भोक कुठे पाडायचे हे ठरवता आले नसते. महाबीरमध्ये खाणीच्या आतली मापे हाताशी होती, आणि तीच 65 जीव वाचवायला कामी आली.

याच्या नेमके उलट मेघालयात घडले. पूर्व जैंतिया टेकड्यांतल्या क्सान इथे 13 डिसेंबर 2018 रोजी लायटीन नदीचे पाणी एका खाणीत शिरले आणि 15 कामगार अडकले. ही ‘रॅट होल’ खाण होती: सरळ खाली खोदलेली सुमारे 370 फुटांची विहीर आणि तिच्या तळातून चारी बाजूंना गेलेली, माणूस रांगतच जाईल एवढी अरुंद बिळे. राष्ट्रीय हरित लवादाने अशा खाणकामावर 2014 मध्येच बंदी घातली होती. बंदी असलेल्या खाणीचा नकाशा कुठून असणार? कोल इंडियाचे लोक आले, नौदलाचे पाणबुडे उतरले, किर्लोस्कर ब्रदर्सचे पथक पंप घेऊन पोचले. आठवडे पंप चालले, पण पाणी हटेना, कारण शेजारच्या कोणत्या बिळातून ते पुन्हा येत होते हेच कळत नव्हते. कोणालाही जिवंत बाहेर काढता आले नाही. जानेवारी 2025 मध्ये आसामच्या उमरांगसो इथे असाच प्रकार होऊन 9 जण मेले. अशाच अरुंद जागेत हाताने खोदणाऱ्या कसबी कामगारांनी नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात शेवटचे काही मीटर खोदून 41 मजुरांची सुटका केली. देशाने त्यांचा तेव्हा जयजयकार केला. त्यांच्यासारखी माणसे एरवी काय काम करतात, हा प्रश्न मागेच राहिला.

आकाशाखालचे अपघात

भारताने 2024-25 मध्ये एका वर्षात 100 कोटी टन कोळसा काढण्याचा टप्पा ओलांडला. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आता खुल्या खाणींतून येतो. चंद्रपूर, वणी, माजरी, घुग्घुस या भागात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणींवरून जाताना दिसणारे मातीचे डोंगर ही या पद्धतीची खूण. कोळशावरची माती आणि खडक आधी काढून बाजूला रचावे लागतात. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जाणाऱ्या कोळशामागे अशी किती तरी माती हलवलेली असते.

खुल्या खाणीत छत नाही, मिथेन साचत नाही, मोकळी हवा आहे. त्यामुळे ती सुरक्षित वाटते, आणि एका मर्यादेपर्यंत आहेही. 1950 च्या दशकात देशातल्या कोळसा खाणींत दरवर्षी सरासरी तीनशेच्या आसपास माणसे मरत. अलीकडच्या वर्षांत, उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही, हा आकडा शंभराच्या आत आला आहे. पण धोक्याचे रूप बदलले. आता माणसे डंपरखाली येतात, पावसाळ्यात घसरणाऱ्या कड्याखाली सापडतात, ढिगाऱ्यात गाडली जातात. 29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यातल्या राजमहल खाणीत मातीचा प्रचंड ढिगारा सरकला आणि 23 कामगार यंत्रांसकट गाडले गेले. मरणारे बहुतेक कंत्राटी कामगार होते.

हा तपशील महत्त्वाचा आहे. कायद्याने खाणीच्या कामगारांना काही हत्यारे दिली आहेत. मोठ्या खाणीत कामगारांचा स्वतःचा निरीक्षक असतो, सुरक्षा समितीत त्यांचे प्रतिनिधी बसतात, धोका दिसला तर लेखी नोंद करता येते. पण ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, तो कड्याला भेग पडल्याची नोंद वहीत करायला जाईल का? कायम कामगाराला बोलण्याची जी सोय आहे, ती त्याला कागदावरच आहे.

वहीत खरे लिहिले तरी ती वाचणाऱ्याची नियत साफ हवी. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या अप्पर बिग ब्रांच खाणीत 5 एप्रिल 2010 रोजी स्फोट होऊन 29 जण मेले. तपासात निघाले की कंपनी दोन वह्या ठेवत होती. एकीत धोके खरेखुरे लिहिलेले, ती कंपनीपुरती. दुसरी सरकारी निरीक्षकांना दाखवायची. कंपनीच्या प्रमुखाला सुरक्षा नियम मोडण्याच्या कटाबद्दल एक वर्षाची कैद झाली. आपल्याकडे चासनालाच्या खटल्यात दोन अधिकारी दोषी ठरले ते 2012 साली, घटनेनंतर छत्तीस वर्षांनी. त्यांनाही शिक्षा झाली ती एका वर्षाचीच.

मृत्यू कमी करता येतात, याचा पुरावा मात्र भरपूर आहे. चीनमध्ये 2002 साली कोळसा खाणींत सुमारे सात हजार माणसे मेली होती. हजारो लहान खाणी बंद केल्यावर आणि यंत्रे, तपासणी वाढवल्यावर दोन दशकांत वार्षिक आकडा काही शेकड्यांवर आला.

खाणीखालचा नकाशा आता फक्त खाणकामगारांपुरता राहिलेला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. मग आसपासच्या कुटुंबांना घरे रिकामी करावी लागली. विदर्भात बंद झालेल्या भूमिगत खाणी अनेक आहेत आणि त्यांच्यावर आज वस्त्या, रस्ते, शेते आहेत. त्या प्रत्येक खाणीचा नकाशा, पोकळी किती खोल आहे, वाळूने भरली आहे की पाण्याने, ही माहिती ग्रामपंचायतीच्या आणि नगर परिषदेच्या फळ्यावर मराठीत लागली पाहिजे. प्रत्येक प्राणघातक अपघाताचा चौकशी अहवाल वर्षभरात लोकांना वाचायला मिळाला पाहिजे, आणि कंत्राटी कामगाराच्या तक्रारीला कायम कामगाराच्या तक्रारीइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. खाणपट्ट्यात राहणाऱ्या वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत निदान पहिली मागणी लेखी नोंदवावी.